पाणी मधासारखं का वाहतंय? (सिम्युलेशन, असमान टाइमस्टेप आणि ॲनिमेशन)

पाणक्या | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एम.ई.च्या प्रोजेक्टसाठी धरणफुटी करतोय. धरण म्हणजे ओपनफोम या प्रवाहाचं सिम्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येतं ते शिकाऊ उदाहरणच: ५८.४ सेंटिमीटर रुंदीची टाकी, डाव्या कोपऱ्यात १४.६ सेंटिमीटर रुंद आणि २९.२ सेंटिमीटर उंच पाण्याचा खांब, तळाशी मधोमध एक ठोकळा. सुरुवातीला खांब सोडून द्यायचा. पाणी धावत जातं, ठोकळ्यावर आपटतं, उसळतं, समोरच्या भिंतीवर चढतं. मी फक्त मेश (हिशेबासाठी पाडलेली चौकटींची जाळी) बारीक केलाय, साधारण ३ मिलिमीटरच्या पेशी.

काल सरांना व्हिडिओ दाखवला. खांब धपकन कोसळतो तिथवर सर गप्प. पाणी ठोकळ्याला लागलं आणि पुढे सगळं मंद. उसळलेली जीभ आळस दिल्यासारखी वर जाते, थेंब हवेत रेंगाळतात, सावकाश खाली येतात. सर म्हणाले, "हे पाणी आहे की मध? व्हिस्कॉसिटी बघ."

दोन रात्री तेच बघतोय. पाण्याची व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) दहाचा उणे सहावा घात, बरोबर. घनता १०००, सरफेस टेन्शन ०.०७, गुरुत्व ९.८१. सगळं जागच्या जागी. एका सेकंदाचा रन, टाइमस्टेप (हिशेबातलं वेळेचं एक पाऊल) आपोआप बदलणारी, तिला लगाम घालणारा कमाल कुरंट नंबर ०.५, दर १० स्टेपला आउटपुट. १६३ फोल्डर आले. पॅराव्ह्यू या चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले, प्ले करून पाहिलं, सेकंदाला २५ फ्रेमने व्हिडिओ काढला. बस्स.

शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे. कोणी सांगेल का कुठे शेण खाल्लंय?

*

शनिवारातला | मंगळवार, रात्री ११:५५

धरणफुटी वाचून धावत आलो, म्हटलं पानशेत १९६१ वर कोणी लिहिलंय. इथे बघतो तर वीतभर पाणी! चालू द्या, वाचतोय.

*

घड्याळजी | बुधवार, सकाळी ७:१५

व्हिस्कॉसिटीला सोडा बिचारीला, तिचा काही दोष दिसत नाही. फोल्डरांची नावं टाका इथे. सुरुवातीची तीन-चार आणि पाणी ठोकळ्याला लागल्यानंतरची तीन-चार. ओपनफोममध्ये फोल्डरचं नाव म्हणजेच ती वेळ.

*

पाणक्या | बुधवार, सकाळी ९:०५

सुरुवातीची: ०.०११८, ०.०२२४, ०.०३२९.
नंतरची: ०.२५१२, ०.२५३९, ०.२५६७, ०.२५९५.

लिहिता लिहिताच पोटात गोळा आला. अंतरं सारखी नाहीत.

*

घड्याळजी | बुधवार, सकाळी ९:३०

सापडलं ना. आता ०.२ ते ०.४ सेकंदांमध्ये किती फोल्डर आहेत ते मोजा.

*

पाणक्या | बुधवार, सकाळी ९:३८

१६३ पैकी ७१.

*

घड्याळजी | बुधवार, सकाळी १०:२०

मग हिशेब करू. २५ फ्रेमच्या हिशेबाने ७१ फोल्डर म्हणजे व्हिडिओतले २.८४ सेकंद. तेवढ्यात खरे ०.२ सेकंद दाखवलेत, म्हणजे १४ पट स्लो मोशन. उरलेले ९२ फोल्डर म्हणजे ३.६८ सेकंद आणि त्यात खरे ०.८ सेकंद. म्हणजे ४.६ पट. एकाच व्हिडिओत दोन घड्याळं चालली आहेत आणि कोपऱ्यात एकही दाखवलेलं नाही. सरांना मध दिसला तर सरांची काय चूक?

आता हे असं का होतं. कुरंट नंबरची अट १९२८ची आहे, कुरंट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांची. ढोबळमानाने, एका टाइमस्टेपमध्ये प्रवाहाने एका पेशीच्या ठरावीक हिश्श्यापेक्षा जास्त अंतर कापू नये. तुम्ही हिस्सा दिलाय ०.५. प्रवाह जोरात धावू लागला की सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) टाइमस्टेप आखडती घेतो, निवांत असला की लांब टाकतो. तुम्ही आउटपुट मागितलं दर १० स्टेपला. म्हणजे जिथे पाणी सर्वांत वेगात, तिथेच सर्वांत जास्त फोल्डर. आणि प्रत्येक फोल्डरला एक फ्रेम दिली की जिथे वेग सर्वांत जास्त, तिथेच व्हिडिओ सर्वांत संथ. नुसता चुकीचा नाही, बरोब्बर उलटा.

यात एक गंमत आहे. तुमचा व्हिडिओ दिसायला एकदम गुळगुळीत असणार, कुठेही झटका नाही. हो ना? कारण ०.५ गुणिले १० म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये सर्वांत वेगवान भाग जास्तीत जास्त ५ पेशी सरकतो, मग तो कितीही वेगवान असो. सॉल्व्हरने सगळी चाल इस्त्री करून दिली. दिसायला इतकं छान, म्हणूनच दोन रात्री संशय आला नाही.

*

पाणक्या | बुधवार, सकाळी १०:३१

गुळगुळीत आहेच. लॅबमध्ये सगळ्यांनी तेवढ्यासाठीच कौतुक केलं होतं. :(

*

धूमकेतू | बुधवार, दुपारी १:१०

या खड्ड्यात मी आधीच पडून आलोय. शाळेतल्या विज्ञान दिनासाठी पायथनमध्ये हॅलेच्या धूमकेतूची कक्षा काढली होती. पोरांना सांगायचं होतं की सूर्याजवळ तो कसा सुसाट जातो. सूर्याजवळ त्याचा वेग सेकंदाला साधारण ५४ किलोमीटर, लांबच्या टोकाला एक किलोमीटरसुद्धा नाही. जवळपास ६० पटींचा फरक. आणि माझा धूमकेतू सूर्याला वळसा घालताना देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखा चालला होता. एका मुलीने विचारलं, "सर, ऊन लागतंय म्हणून हळू जातो का?"

तिथेही हेच. सूर्याजवळ गुरुत्वाचा ओढा झपाट्याने बदलतो, सॉल्व्हर सावध होऊन छोटी पावलं टाकतो, सगळे बिंदू तिथे गोळा होतात. मी एक बिंदू, एक फ्रेम असं लावलेलं. मॅटप्लॉटलिबचं (पायथनची आलेख काढणारी लायब्ररी) ॲनिमेशन तर दोन फ्रेममध्ये एकच ठरावीक अंतर मानतं, तुमच्या वेळेच्या रकान्याकडे बघतही नाही.

उपाय सोपा निघाला. सायपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतल्या सॉल्व्हरला आधीच सांगता येतं की मला उत्तरं अमुक अमुक समान अंतराच्या वेळांना दे. त्याने सॉल्व्हरची आतली पावलं बदलत नाहीत, तो आपल्या मर्जीनेच चालतो. मधल्या वेळेचं उत्तर मात्र तो स्वतःच्या बहुपदीतून काढून देतो. तुम्ही नंतर दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा मारण्यापेक्षा ते कितीतरी बरं. मी आधी सरळ रेषा मारून पाहिली होती. वळणावर धूमकेतू कोपरे कापत सूर्याच्या दिशेने आत घुसत होता. मॅटलॅबवाल्यांनीही लक्षात ठेवावं: सुरुवात आणि शेवट एवढंच दिलं तर त्यातला ओडीई-४५ हा सॉल्व्हर आपल्या पावलांप्रमाणे उत्तरं देतो (वर प्रत्येक पावलात तीन जादा बिंदू घालतो, आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून). वेळांची पूर्ण यादी दिली तर त्या वेळांना देतो.

*

पाणक्या | बुधवार, दुपारी २:००

ऊन लागतंय म्हणून... 😂

ओपनफोममध्ये असं मागता येतं का?

*

घड्याळजी | बुधवार, दुपारी २:२५

येतं. कंट्रोलडिक्ट फाइलमध्ये राइटकंट्रोल आहे, तिथे तुम्ही टाइमस्टेप लिहिलंय. त्याऐवजी ॲडजस्टेबल लिहा (जुन्या आवृत्तीत ॲडजस्टेबल-रनटाइम), आणि राइटइंटरव्हल ०.००५. आता तो १० स्टेप मोजत बसणार नाही. ०.००५ जवळ आलं की शेवटची पावलं थोडी छोटी करून नेमका त्या वेळेवर पाय ठेवेल. बसचा ड्रायव्हर थांब्याच्या आधी वेग कमी करतो तसं. त्यामुळे स्टेप थोड्या वाढतील, पण जाणवण्याइतक्या नाहीत.

नुसतं रनटाइम लिहू नका. त्यात तो ०.००५ च्या आसपास जी स्टेप येईल ती लिहितो, थोडंसं पुढे-मागे होतंच.

०.००५ ने २०० फोल्डर होतील. २५ फ्रेमने ८ सेकंद. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ८ पट स्लो, आणि तसं खाली लिहून टाका.

*

पाणक्या | बुधवार, संध्याकाळी ५:५०

टूडीचा रन परत टाकला, चहा होईपर्यंत झाला. फरक जमीन-अस्मानाचा. पाणी आता ठोकळ्याला थोबाडीत मारल्यासारखं लागतं!

पण खरी पंचाईत पुढे आहे. थ्रीडी केसही याच सेटिंगने चालवली होती. लॅबच्या मशिनवर ३१ तास लागले होते आणि आता मशीन दुसऱ्याच्या ताब्यात. ती परत नाही चालवता येणार. आहेत त्या फोल्डरांतूनच काहीतरी करायला हवं.

*

विंचवाचं_बिऱ्हाड | बुधवार, संध्याकाळी ६:३०

सोप्पं आहे. जिफ बनव. जिफमध्ये प्रत्येक फ्रेमला वेगळी वेळ देता येते. दोन फोल्डरांतलं अंतर काढ, हव्या तेवढ्या पटीने गुण, दे फ्रेमला. पाच मिनिटांचं काम.

*

पाणक्या | बुधवार, रात्री ९:१५

पाच मिनिटांचे दोन तास झाले. ४ पट स्लो घेतलं. ब्राउजरमध्ये उघडलं तर ठोकळ्यापाशी पहिल्यापेक्षाही हळू! डोकं फिरायची वेळ आली आहे.

*

घड्याळजी | बुधवार, रात्री ९:४०

विंचूभाऊ, तुमचा सल्ला तत्त्वतः बरोबर, पण जिफ हा जुना खोडकर गडी आहे. जिफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, त्याखाली नाही. पाणक्याचं अंतर ०.००२८, गुणिले ४ म्हणजे ०.०११ सेकंद. ते झालं १ शतांश. आणि बरेच ब्राउजर २ शतांशांपेक्षा कमी वेळ दिसली की ती मानतच नाहीत, सरळ १० शतांश धरतात. म्हणजे ज्या फ्रेम सर्वांत भराभर जायला हव्या त्याच प्रत्येकी ०.१ सेकंद अडून बसल्या. ७१ फ्रेमचे ७ सेकंद. सुरुवातीच्या फ्रेमना ४ शतांश मिळाले, त्या बिनधास्त गेल्या.

जिफ नको. फ्रेम पीएनजीत काढा आणि एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या प्रोग्रामला एक साधी टेक्स्ट फाइल द्या: एका ओळीत फ्रेमचं नाव, खालच्या ओळीत तिचा कालावधी. त्याचा कॉन्कॅट नावाचा मार्ग अशी यादी वाचतो. दोन ठिकाणी माणूस हमखास घसरतो. पहिलं, फ्रेमचा कालावधी म्हणजे तिच्यापासून पुढच्या फ्रेमपर्यंतचं अंतर, मागच्या फ्रेमपासूनचं नव्हे. एका घराने चुकलं तर सगळा व्हिडिओ एक फ्रेम सरकतो आणि नेमका धडकेच्या क्षणी ते कळतं. दुसरं, शेवटच्या फ्रेमचं नाव यादीत परत एकदा लिहायचं, नाहीतर तिचा कालावधी धरला जात नाही. मग त्यातून ठरावीक ३० फ्रेमचा व्हिडिओ करून घ्या, म्हणजे पीपीटीत कटकट नको.

हे सगळं नको असेल तर पॅराव्ह्यूतच ॲनिमेशनचा मोड बदला. आता स्नॅप टू टाइमस्टेप्स असणार, तो म्हणजे एक फोल्डर एक फ्रेम. त्याऐवजी सिक्वेन्स करा, फ्रेमची संख्या २४० द्या. मग तो ० ते १ सेकंदाचे समान तुकडे करेल आणि त्या त्या वेळेला जो डेटा उपलब्ध आहे तो दाखवेल. सुरुवातीला एकच चित्र दोन-तीनदा येईल, धडकेच्या वेळी एखाददुसरं चित्र गळेल. ते ठीक आहे.

*

रसायनी | गुरुवार, सकाळी ८:१०

एकच चित्र तीनदा कशाला? टेम्पोरल इंटरपोलेटर नावाचा फिल्टर आहे ना पॅराव्ह्यूत. दोन फोल्डरांच्या मधलं चित्र तयार करून देतो. मी तापमानाच्या केसला नेहमी वापरते, लोण्यासारखं चालतं.

*

पाणक्या | गुरुवार, सकाळी १०:४५

रसायनीताई, लावून पाहिला. पाण्याचा काठ सरकतच नाही. थोडा वेळ ढिम्म, मग एकदम उडी, परत ढिम्म. आणि कंटूरऐवजी (काठाच्या रेषेऐवजी) नुसते रंग दाखवले तर भुतासारखे दोन काठ दिसतात, एक विरतोय, एक उगवतोय.

*

घड्याळजी | गुरुवार, सकाळी ११:२०

ताईंचा फिल्टर चांगला आहे, जागा चुकली. एक पेशी डोळ्यांसमोर आणा. पहिल्या फोल्डरमध्ये ती कोरडी, म्हणजे अल्फा (पेशीतला पाण्याचा हिस्सा) ०. पुढच्या फोल्डरमध्ये पाणी तिच्यावरून पुढे गेलं, अल्फा १. फिल्टरला पाणी वगैरे काही माहीत नाही, तो दोन आकड्यांच्या मधला आकडा काढतो. ३० टक्के वेळ सरली की ०.३. तिच्या शेजारची पेशीही ०.३, त्याच्या पलीकडचीही ०.३. मधल्या सगळ्या पेशी एकाच वेळी थोड्या थोड्या ओल्या होतात. आपण काठ दाखवतो ०.५ च्या कंटूरने. म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत काठ जुन्या जागी, ५१ टक्क्यांना एकदम नव्या जागी. हीच ती उडी. (प्रत्यक्षात काठ दोन-तीन पेशींत पसरलेला असतो, त्यामुळे अगदी इतकं कडक होत नाही, पण तऱ्हा हीच.)

तापमान, दाब असल्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींना हा फिल्टर उत्तम. जिथे धारदार काठ सरकतो तिथे तो सरकवत नाही, विरघळवतो. आणि मेश मध्येच बदलणारा असेल तर त्याचा उपयोगच नाही, पेशी पेशीला जुळायला हवी.

म्हणून म्हणतो, एकच चित्र तीनदा दिसलेलं परवडलं. ते निदान सॉल्व्हरने काढलेलं आहे.

*

स्थापत्यवाला | गुरुवार, दुपारी १२:५०

माझा थोडा विरोध नोंदवतो. समान वेळ म्हणजेच खरं असा सूर लागलाय. मातीवाल्यांना विचारा. चिकणमातीच्या कन्सॉलिडेशन टेस्टमध्ये आम्ही रीडिंग कधी घेतो? पाव मिनिट, १, सव्वादोन, ४, सव्वासहा, ९ मिनिटं. असमान दिसतं, पण वर्गमुळं काढा: अर्धा, १, दीड, २, अडीच, ३. कारण माती सुरुवातीला भराभर दबते आणि नंतर वर्षानुवर्षं कासवासारखी. याचं ॲनिमेशन समान वेळेने केलं तर पहिल्या दोन फ्रेममध्ये सगळं संपतं आणि उरलेला व्हिडिओ भिंतीला लावलेला रंग वाळताना बघायचा. मी वर्गमुळाच्या वेळेनेच करतो.

*

रसायनी | गुरुवार, दुपारी १:१५

अगदी. आमच्याकडे रॉबर्टसनचं १९६६ चं तीन अभिक्रियांचं उदाहरण आहे, स्टिफ (अतिवेगवान आणि अतिसंथ बदल एकत्र असलेली) समीकरणं सोडवणारे सॉल्व्हर तपासायला सगळे वापरतात. वेगांचे स्थिरांक ०.०४, १० हजार आणि ३ कोटी! एक घटक डोळ्याचं पातं लवायच्या आत वर येऊन बसतो, बाकीचं चालतं युगानुयुगं. लॉग वेळेशिवाय ते दाखवताच येत नाही.

*

घड्याळजी | गुरुवार, दुपारी १:४०

स्थापत्यवाले, विरोध मान्य, पण तो माझ्या म्हणण्याला लागत नाही. तुमचं वर्गमूळ तुम्ही निवडलंय, बघणाऱ्याला सांगितलंय, अक्षावर लिहिलंय. पाणक्याच्या व्हिडिओचं घड्याळ कोणी निवडलं? सॉल्व्हरने. आणि कशावरून? अख्ख्या टाकीतल्या सर्वांत वाईट एका पेशीवरून. ती पेशी पाण्याची असेलच असंही नाही. या केसमध्ये पुष्कळदा पाण्याच्या काठाजवळची हवाच भन्नाट वेगाने पळत असते आणि टाइमस्टेप तिच्यामुळे आखडते. म्हणजे तुम्ही पाणी दाखवताय आणि घड्याळ न दिसणाऱ्या हवेचं!

तेव्हा वर्गमूळ घ्या, लॉग घ्या, काय हवं ते घ्या. कोपऱ्यात वेळ मात्र दिसली पाहिजे. पॅराव्ह्यूत त्यासाठी ॲनोटेट टाइम आहे, दोन क्लिकचं काम.

*

स्थापत्यवाला | गुरुवार, दुपारी १:५२

एवढ्यावर तह. 🙂

*

धूमकेतू | गुरुवार, दुपारी ३:२०

पाणक्या, प्रेझेंटेशनच्या आधी एक पडताळा करून बघ. उसळून अगदी वर जाऊन थांबलेला एखादा थेंब धर. तो तिथून किती खाली पडतो ते टाकीच्या मापावरून काढ. खांबाच्या उंचीइतका, म्हणजे २९.२ सेंटिमीटर पडत असेल तर हवेचा विरोध सोडून ०.२४ सेकंद लागायला हवेत. ८ पट स्लो व्हिडिओत १.९५ सेकंद. मोबाइलचं स्टॉपवॉच लाव. व्हिस्कॉसिटी बघण्याआधी मी हेच केलं असतं, गुरुत्वाला कोणाची भीड नाही. तुझ्या जुन्या व्हिडिओत त्या भागात १४ पट स्लो होतं, म्हणजे तोच थेंब साधारण साडेतीन सेकंद लोंबकळत असणार.

*

घड्याळजी | गुरुवार, दुपारी ३:३५

झकास. आणि पाण्याच्या पुढच्या टोकालाही एक कुंपण आहे. रिटरच्या १८९२ च्या सूत्राप्रमाणे कोरड्या तळावर टोकाचा वेग खोली गुणिले गुरुत्व, त्याच्या वर्गमुळाच्या दुपटीच्या आत. इथे सेकंदाला ३.४ मीटर. तुमचं टोक त्याहून जोरात पळताना दिसलं तरी घड्याळच तपासा.

*

पाणक्या | गुरुवार, रात्री १०:३०

सगळं केलं. थ्रीडीला सिक्वेन्स मोड, २४० फ्रेम, ३० च्या दराने ८ सेकंद, कोपऱ्यात वेळ. एक थेंब धरला, १८ सेंटिमीटर पडतो. ८ पट स्लोला १.५३ सेकंद यायला हवेत. स्टॉपवॉचवर तीनदा मोजलं: १.५, १.६, १.५. जुन्या व्हिडिओत तोच थेंब २.७ सेकंद खाली येत होता.

सुरुवातीला चित्र थोडं अडखळतं, पण तेव्हा पाणी नुकतं सुटतंय, फारसं खटकत नाही.

*

पाणक्या | शुक्रवार, संध्याकाळी ४:४५

झालं. सरांनी जुना आणि नवा व्हिडिओ शेजारी शेजारी लावायला सांगितले, दोन्हींत वेळ दाखवून. जुन्यात ०.२ पासून आकडे रांगायला लागले तसे बाहेरून आलेले परीक्षक पुढे सरकून बसले. त्यांनी बाकी काही विचारलंच नाही, वीस मिनिटं टाइमस्टेपवरच गेली. मग सर म्हणाले, वेळ उजव्या कोपऱ्यात आहे ती डावीकडे घ्या, तिथे पाणी उडतं तेव्हा आकडे दिसत नाहीत.

डावीकडे तर खांबच उभा आहे. घेतो डावीकडे.

*

शनिवारातला | शुक्रवार, संध्याकाळी ५:१०

वरती मधोमध घ्या की हो.